सात नंबरची मोटर

अप्पा, तुमचं मोटरी तपासायचं मीटर अजून चालतं. मागच्या आठवड्यात कपाट आवरताना जुन्या स्वेटरांच्या खाली सापडलं, त्याच्या फाटक्या चामडी पिशवीसकट. सेल टाकला, दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना टेकवली, आणि काटा असा झटकन उजवीकडे गेला की मला हसूच आलं. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, सातपूरचं दुकान गेलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि हा काटा मात्र अजून कामावर हजर. मला बीएस्सीला प्रवेश मिळाला त्या दिवशी तुम्ही हे माझ्या हातात दिलंत. पेढे नाहीत, पाठीवर थाप नाही. "मी डिजिटल घेतलंय, हे तू ठेव. आणि एक लक्षात ठेव, हे लावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." मी ते वाक्य जन्मभर पाळत आले. तुम्ही नाही पाळलंत. त्याबद्दलच लिहायला बसले आहे, आणि आज तुमची भीड ठेवणार नाही.

दुकानात तुम्ही वेगळेच असायचात, हे आधी कबूल करते. मोटर रिवायंडिंगच्या त्या दहा बाय बाराच्या गाळ्यात वार्निशचा उग्र वास, भिंतीला टांगलेली तांब्याच्या तारेची रिळं, आणि मधोमध स्टुलावर तुम्ही. रविवारी मी शेजारी बसून वळसे मोजायची. तुम्ही हँडल फिरवायचात, मी मोठ्याने आकडे म्हणायची, आणि चुकले की तुम्ही न रागावता सगळी तार उलगडून पहिल्यापासून सुरू करायचात. पेठकडचा एक माणूस एकदा जळालेली पाण्याची मोटर खांद्यावर घेऊन आला होता. गिऱ्हाइकाचा जीव नुसता वर-खाली. "कंपनीच खराब हाय दादा, लय फसवलं आम्हाला," असं तो चार वेळा म्हणाला. तुम्ही त्याला पाणी दिलंत, मोटर उघडलीत, तिन्ही गुंडाळ्यांना एक एक करून मीटर लावलंत आणि म्हणालात, "मोटरीला उगाच शिव्या देऊ नका काका. एक फेज येत नव्हती, ती बिचारी दोनावर ओढत बसली. दोष तिचा नाही." मला तेव्हा वाटलं होतं, माझ्या वडिलांसारखा न्यायी माणूस अख्ख्या सातपुरात नसेल. एका निर्जीव मोटरीची बाजू घेऊन भांडणारा माणूस! घरी मात्र ते मीटर तुम्ही कधी आणलंच नाहीत.

त्या दिवाळीत ग्रहण होतं, आठवतं? सकाळचंच. मी सहा वर्षांची, आई सात महिन्यांची गरोदर. आजीने, म्हणजे तुमच्या आईने, आदल्या संध्याकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. फराळाच्या डब्यांवर तुळशीची पानं, हंड्यात तुळशीचं पान, आणि आईला ताकीद, की ग्रहण सुटेपर्यंत हलायचं नाही, खायचं नाही, शिवायचं नाही, चिरायचं नाही. आई पाय लांब करून भिंतीशी बसलेली. आजी देवापुढे जप करत होती, तुम्ही ओट्यावर माणसांशी बोलत उभे. ग्रहण सुटलं, अंघोळी झाल्या, दिवाळी पुढे चालू झाली. जानेवारीत धाकटी झाली. गोरीपान, शांत, कधी दचकायची नाही की कशाने उठायची नाही. आजी कौतुकाने सांगायची, "लय गुणाची हाय, आवाजाला भीत नाय." पुढच्या दिवाळीत समोरच्या पोरांनी दारातच सुतळी बॉम्ब लावला. माझ्या कानठळ्या बसल्या, आईच्या हातातून ताट पडलं, आणि दहा महिन्यांची धाकटी चादरीवर पडून स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत राहिली. तिने मानसुद्धा वळवली नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, जन्मापासूनच नाही ऐकू येत. कशामुळे, ते त्यांनाही सांगता आलं नाही. आणि ज्याला उत्तर नव्हतं त्याचं उत्तर आजीने रात्रीच्या जेवणात शोधलं. "गिराणात काय केलं व्हतंस तू? खरं सांग." आई भात वाढत राहिली. आजीने पुन्हा विचारलं, तुम्हीही विचारलंत, आई गप्पच. आणि मी, खरं बोलायचं असतं असं शाळेत नुकतंच शिकलेली मी, ताटातून मान वर करून म्हणाले, "आईने पेरू चिरला होता. विळीवर." झालं! आजीने कपाळावर हात मारला. "कान चिरलेस गं पोरीचे, तुझ्या हातानं चिरलेस." तुम्ही ताटावरून उठलात. आईने ना हो म्हटलं ना नाही. तुम्ही स्वयंपाकाच्या ओट्याखालून विळी काढलीत, सायकलच्या कॅरियरला बांधलीत, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातल्या ग्राइंडरवर तिचं पातं घासून घासून संपवलंत. त्या एका पात्यासाठी तुम्ही किती वेळ उभे होतात कोण जाणे. घरी आल्यावर एकच वाक्य बोललात, "आजपासून ह्या घरात हिने काही चिरायचं नाही."

लोकांना सांगितलं तर खोटं वाटेल, पण तुम्हाला तर ठाऊक आहे. आमच्या घरात काय शिजणार हे त्या वाक्याने ठरवलं. मेथी निवडायची, गवार मोडायची, मटार सोलायचे, वांगी भाजून भरीत करायचं, बटाटे उकडून हाताने फोडायचे. कांदा आई पाटावर ठेवून बुक्कीने फोडायची, तिच्या उजव्या मुठीची कड कायम लालसर असायची. बाकीचं सगळं मी चिरलं. सातव्या वर्षी माझ्या हातात सुरी आली, कारण आजीच्या डोळ्यांना दिसत नव्हतं आणि तुम्ही पुरुष. शाळेतून आले की दप्तर टाकून आधी भेंडी. माझं बोट कापलं की आई फडक्याने बांधायची आणि रडायची, आणि मला वाटायचं की ती माझ्या बोटासाठी रडते. तुम्ही तिच्यावर कधी हात उचलला नाहीत, हे मला नातेवाईक अजून सांगतात, जणू मोठं बक्षीस द्यावं असं काम केलंत. हात कशाला उचलायचा? पेरूवाला गल्लीत आला की तुम्ही मुद्दाम मोठ्याने म्हणायचात, "घ्या, बाईसाहेबांसाठी दोन घ्या. जिभेला आवर नाही ना." चौदा वर्षं! एका पेरवावरून चौदा वर्षं तुम्ही तिला खादाड म्हणालात. धाकटी मोठी झाली तेव्हा तिने एकदा आईला खुणेने विचारलं, मला का ऐकू येत नाही? आईने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. बस, एवढंच. मी दारात उभी होते.

धाकटी अडीच वर्षांची होईपर्यंत चालली नाही. उभी केली की डुलायची, बसली की कलंडायची. आजीच्या मते ग्रहण पायांनाही लागलं होतं. मग ती चालायला लागली, मूकबधिर शाळेत जायला लागली, ओठ वाचायला शिकली, माझ्यापेक्षा छान अक्षर काढायला लागली, आणि आपण सगळे जरा निवांत झालो. ती बारा वर्षांची असताना आईने तिला संध्याकाळी चहाची किटली देऊन दुकानात पाठवलं होतं. दिवे लागायची वेळ, भारनियमन असल्यामुळे गाळ्यात अंधारून आलेलं. मी तिच्या मागेच होते. तुमच्या पायाशी नव्या वार्निशचा डबा उघडा होता, तो मला रस्त्यावरून दिसला. तिला तो दोन पावलांवरून दिसला नाही. डबा उलटला, वार्निश तुम्ही दिवसभर बसून तार भरलेल्या मोटरीवर, तुमच्या चपलांवर, किटली वेगळीच. तुम्ही आधी ओरडलात. ती काय ऐकणार! मग तिचं तोंड धरून वर केलंत, तिला तुमचे ओठ दिसावेत म्हणून, आणि सावकाश म्हणालात, "कान नाहीत. डोळे तर आहेत ना?" आणि थप्पड मारलीत. अप्पा, डोळेही चालले होते. त्याच वर्षी चालले होते. संध्याकाळी ती भिंतीला हात लावून चालायची, पायरी पायाने चाचपायची, आणि आपण म्हणायचो वेंधळी आहे, लक्ष नसतं. मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते, जीवशास्त्र शिकत होते, तुमचं मीटर माझ्या कपाटात होतं, आणि मीसुद्धा तेच म्हणायचे.

तुम्ही गेल्यानंतर दोन वर्षांनी पुण्यात एमएस्सी करत असताना आमच्या सरांनी एक चित्रफीत दाखवली. पिंजऱ्यात उंदीर होते, ते मान झटकत गोल गोल फिरत होते. थांबायचे, डुलायचे, पुन्हा गोल. सर म्हणाले, हे जन्मतः बहिरे आहेत, ह्यांचा तोलही जातो, आणि ह्यांच्यात बिघडलंय ते एकच प्रथिन. मला त्या उंदरांत आपल्या घरातली चादर दिसली, त्यावर बसून कलंडणारी धाकटी दिसली. मी वर्गातून उठून बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धरून उभी राहिले. नंतर तोच विषय घेतला, त्यातच पीएचडी केली, आणि आता इथे नाशकात कॉलेजच्या पोरांना तेच शिकवते. पुस्तकात त्याला अर्धं पान आहे. नाव आहे अपारंपरिक मायोसिन. पोरं नाव ऐकूनच हसतात.

तुम्हाला सांगते, तुम्हाला ते पोरांपेक्षा लवकर कळलं असतं. मायोसिन म्हणजे मोटर. खरीखुरी मोटर, अप्पा, नुसतं म्हणायला नाही. इंधन घेते, ताकद लावते, सरकते. स्नायूत असतात त्या नेहमीच्या, लाखोंनी एकत्र जोर लावणाऱ्या, त्यांच्यामुळे तुमचा हात हँडल फिरवायचा. पण शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत दुसऱ्याही असतात, एकेकट्या नाहीतर दोन-चार मिळून काम करणाऱ्या. पेशीत बारीक दोर ताणलेले असतात, त्या दोरांवरून ह्या चालतात. पाच नंबरची पाठीवर माल घेऊन पावलं टाकत जाते. सहा नंबरची बाकी सगळ्यांच्या उलट दिशेने चालते, ते का आणि कसं ह्यावर माणसांनी आयुष्यं घालवली आहेत. आणि सात नंबरची. कानाच्या आत ज्या पेशी असतात त्यांच्या डोक्यावर केसांचे झुपके असतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे लहान-मोठे, आणि प्रत्येक केस शेजारच्या उंच केसाला एका धाग्याने बांधलेला. आवाज आला की झुपका कलतो, धागा ओढला जातो, दार उघडतं, करंट आत जातो. तो धागा वरच्या टोकाला ताणून धरायला सात नंबरच्या मोटरी लागतात. झुपका सरळ उगवायलाही त्याच लागतात. त्या नसतील तर केस वाकडेतिकडे, धागे ढिले, आणि सुतळी बॉम्ब वाजला काय न वाजला काय, करंट आत जातच नाही. तोल सांभाळणारा भागही कानातच असतो, तिथेही त्याच. आणि डोळ्याच्या पडद्यामागेही त्याच, तिथे त्यांचं काम हळू चालतं, म्हणून बिघाडही हळू दिसतो. आधी संध्याकाळचं दिसेनासं होतं, मग बाजूचं, मग नळीतून बघावं एवढंच उरतं. धाकटीचं आता तेवढंच उरलंय. तिला काही सांगायचं तर समोर लांब उभं राहून हनुवटीजवळ लहान लहान खुणा करायच्या, म्हणजे त्या नळीत मावतात. उजेड कमी झाला की तिचा हात हातात घेऊन तळव्यावर लिहायचं. प्लास्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला होती, बाजूने येणारी गाडी दिसली नाही म्हणून सोडावं लागलं. आता घरी बसून हार ओवते. बोटांनी चाचपून शेवंती आणि झेंडू तिला बरोबर कळतात.

गेल्या वर्षी मी तिचं, आईचं आणि माझं रक्त तपासायला दिलं. ही चाचणी मला आधीही करता आली असती, पण दरवेळी पुढे ढकलत गेले. रिपोर्ट आला. तुमच्या डायरीची आठवण झाली, ती निळ्या पुठ्ठ्याची, कुठल्या मोटरीला किती वळसे, किती जाडीची तार, सगळं लिहिलेली. तुम्ही ती तुमच्या वस्तादांच्या वहीवरून उतरवून घेतली होतीत, आणि समोरच्या गाळ्यातल्या तुमच्या मित्रानेही त्याच वहीवरून. वस्तादांनी एका मोटरीचे वळसे चुकीचे लिहिले होते. दोन्ही दुकानांतून ती मोटर जळून परत यायची, तुम्ही तारेला दोष दिलात, मित्राने वार्निशला, आणि महिन्याभराने तुम्हीच दोन्ही डायऱ्या शेजारी ठेवून पाहिल्यात. आठवतंय का? "दोघांनी एकच चूक उतरवली रे!" असं म्हणून खदखदून हसला होतात. माणसाकडेही अशा दोन वह्या असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एका वहीत चूक असली तरी दुसरीवरून काम भागतं. माझं भागलंय, एक वही माझीही चुकलेली आहे. आईचीही एक. धाकटीच्या दोन्ही वह्यांत सात नंबरच्या मोटरीच्या पानावर एकच चूक आहे, अक्षर न अक्षर तीच. तुम्ही मामाची मुलगी केलीत. आजी आईची सख्खी आत्या. तुमच्या आईचे वडील ते माझ्या आईचे आजोबा, मूळ वही एकच. तिथून एक प्रत आजीने ह्या घरात आणून तुम्हाला दिली, दुसरी आईच्या वडिलांनी आईला. घरातलीच मुलगी, ओळखीपाळखीची, नात्यात नातं, म्हणून सगळे किती खूश होते तुमच्या लग्नात! तुमचं रक्त तपासायची गरजच नाही, अप्पा. मुलीच्या दुसऱ्या वहीत ती चूक आहे म्हणजे ती तुमच्याकडूनच आली, दुसरीकडून यायला वाटच नाही. मीटर लावलंय. आता तोंड उघडते. ते ग्रहण नव्हतं, विळी नव्हती, आईची जीभ तर नव्हतीच. आणि जिने कपाळावर हात मारून "तुझ्या हातानं" म्हटलं, चूक तिच्या अंगातून तुमच्यात आली होती. तिलाही ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, हे मला समजतं. चूक अंगात असणं हा काही गुन्हा नाही, ते मी वर्गात दरवर्षी सांगते. पण ठाऊक नसताना निकाल द्यायचा आणि पातं घासून टाकायचं, हा गुन्हा आहे. आणि तो तुमचा आहे.

रिपोर्ट येऊन आठ महिने झाले तरी मी आईला काही सांगितलं नव्हतं. मनाशी म्हणायची, तिला काय समजणार, वय झालंय, उगाच जुनी खपली कशाला काढा. मागच्या आठवड्यात तुमचं मीटर सापडलं आणि माझीच मला लाज वाटली. रविवारी दुपारी आई आणि धाकटी गॅलरीत बसल्या होत्या. आई देठं खुडून देत होती, धाकटी ओवत होती. मी मीटर घेऊन गेले, कशासाठी ते मलाच माहीत नाही, आणि आईला वह्यांची गोष्ट सांगितली. मोटरींचं नाही सांगितलं, नुसत्या वह्या. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आत्याबाईंकडनंसुद्धा?"

"हो. त्यांच्याकडून अप्पांना, अप्पांकडून हिला. आणि तुझ्या वडिलांकडून तुला, तुझ्याकडून हिला. दोन्हीकडून सारखंच."

"मग पेरवाचं काही नाही?"

"काही नाही, आई. पेरवाचा काही म्हणता काही संबंध नाही."

"नक्की ना? मशिनवर बघितलं ना त्यांनी?"

"बघितलं."

तिने हातातली शेवंती खाली ठेवली. मला वाटलं आता ती रडेल, तुम्हाला शिव्या देईल, निदान आत्याच्या नावाने बोटं मोडेल. तीस वर्षांचं साचलेलं. मी तयारीत होते, मला ते ऐकायचंच होतं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं बाई. तुझ्यावरचं गेलं." मग पुन्हा देठं खुडायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी कुण्णाला सांगितलं नव्हतं. त्यांना तर नाहीच. म्हटलं पोरीला जन्मभर बोलतील."

तर आता ते लिहिते, ज्याच्यासाठी आठ महिने थांबले होते आणि त्याआधी तीस वर्षं. त्या सकाळी माझे पुढचे दोन्ही दात पडलेले होते. समोर फराळाचे डबे, त्यांना हात लावायचा नाही, आणि मी भुकेने पाय आपटत होते. टोपलीत पेरू होते, मला पेरू हवा होता, आणि तो मला चावता येत नव्हता. मी भोकाड पसरलं. आजीच्या जपात व्यत्यय येईल, तुम्ही आत येऊन मला माराल, म्हणून आई ते पोट घेऊन उठली, विळीवर बसली, पेरू चिरला आणि फोडी माझ्या ओच्यात टाकल्या. तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. वर्षभराने जेवताना मी खरं बोलले, अप्पा, पण अर्धंच. चिरला कुणी ते सांगितलं, खाल्ला कुणी ते नाही. मी लहान होते, हे मला कुणी सांगू नका. सात वर्षांची असताना मला कळलं नसेल, पण सतराव्या वर्षी कळत होतं. तुम्ही दारातून "जिभेला आवर नाही" म्हणायचात तेव्हा मी आत भेंडी चिरत बसलेली असायची आणि मला सगळं कळत असायचं. तुम्ही दवाखान्यात होतात त्या शेवटच्या आठवड्यात मी तुमच्या उशाशी चार दिवस बसले होते. एक वाक्य पुरलं असतं. तुमचा राग माझ्यावर आला असता, आणि मला तो नको होता.

संध्याकाळी मी बाजारातून पेरू आणले. आईच्या पुढ्यात ताट ठेवलं, सुरी ठेवली. तिने सुरीकडे बघितलं आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "तूच चीर. मला आता सवय नाही राहिली." मी चिरला. धाकटीने फोड हातात घेतली, नाकाशी धरली, हसली, आणि माझ्या तळव्यावर बोटाने लिहिलं, छान. आईने एक खाल्ली. सावकाश, दाढेखाली धरून. हा कागद घडी करून मीटरच्या पिशवीत ठेवते आहे, तिथून तो कुठे जाणार नाही. जाताना एवढंच सांगते, तुमची चौदा वर्षांची खात्री होती म्हणून. तो पेरू आतून गुलाबी होता, फार गोड होता, आणि सगळ्या फोडी मी खाल्ल्या. आईने त्यातली एकसुद्धा तोंडात घातली नव्हती. तिने ग्रहण पाळलं होतं.